पिवळ्या पाण्याचा पुरावा

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत राजूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च सादर करतो. यंदाचे आकडे अहवालाच्या मागील पानांवर छापलेले आहेत व लेखापरीक्षकांनी ते तपासलेले आहेत. त्यांची पुनरुक्ती न करता, अध्यक्षांच्या अनुमतीने, आज एका निराळ्या हिशेबाविषयी बोलावे असे आम्ही योजिले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा अधिकार नव्हे. परंतु रुग्णालयाच्या नोंदणीखिडकीमागे इतकी वर्षे काढल्यावर माणूस आपल्या दारी येण्यापूर्वी कोठकोठे जाऊन आलेला असतो, हे मात्र दिसू लागते. कोणाच्या दंडाला दोरा असतो, कोणाच्या गळ्यात काड्यांची माळ असते, कोणाच्या कपाळावर अंगारा असतो. ज्या उपचारांना विज्ञानाने केव्हाच निरुपयोगी ठरविले, ते लोक का सोडत नाहीत, हा प्रश्न त्या खिडकीत बसून आम्हांस अनेकदा पडला. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस प्रथम स्वतःकडेच पाहावे लागले.

राजूरला चुना नवा नाही. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांनीच या गावाला नाव दिले. त्या चुन्याशी संबंधित एक आठवण सांगतो. आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना आम्हांस कावीळ झाली. आई आम्हांस कावीळ उतरविणाऱ्या एका गृहस्थांकडे घेऊन गेली. त्यांनी आमच्या हातांना कसला तरी रस चोळला आणि परातीतील चुन्याच्या निवळीत हात धुण्यास सांगितले. पाहता पाहता पाणी पिवळेधमक झाले. "निघाली बघा कावीळ," असे ते म्हणाले. असे तीन वेळा झाले आणि महिन्याभरात आम्ही बरे झालो. त्या परातीतील पाणी आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पुढे आम्ही पदवी घेतली, नोकरीस लागलो, इतकेच काय, या रुग्णालयाचा कारभारही पाहू लागलो; तरीही त्या पाण्याविषयी आमच्या मनात कधी शंका आली नाही.

पुढे एका शिबिरात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने श्रोत्यांतून एका निरोगी माणसास पुढे बोलाविले. आम्ही गेलो. त्याने आंब्याच्या आतील सालीचा रस आमच्या हातांना चोळला व चुन्याच्या निवळीत हात धुण्यास सांगितले. पाणी तसेच पिवळे झाले. त्या दिवशी आम्हांस कावीळ नव्हती. साल आणि चुना यांचा संयोग झाला की तो रंग येतो. कावीळ झालेल्या माणसाच्या त्वचेतील पिवळे द्रव्य तांबड्या रक्तपेशी मोडून तयार होते. ते यकृतातून, पित्तावाटे बाहेर पडते. तळहातातून ते बाहेर पडण्याचा मार्गच नाही. माळेचेही तसेच. ओल्या काड्या सैल गाठींत गुंफलेल्या असतात. त्या सुकून आक्रसल्या की गाठींतला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. ती निरोग्याच्या गळ्यातही लांबतेच.

मग आम्ही बरे कसे झालो? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतांश रोग्यांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरते. विश्रांती व योग्य आहार मिळाला तर शरीर आपले काम स्वतःच करते. म्हणजे काम केले यकृताने आणि श्रेय जमा झाले परातीच्या नावावर. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही चुकीच्या खात्यावरील नोंद होय.

पहिले कारण हे असे डोळ्यांसमोरचे आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. कोणत्याही पेढीची खरी स्थिती जाणण्यास जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. मनुष्याचे मन मात्र एकेरी वही ठेवते. जो बरा झाला तो गावभर सांगत फिरतो. जो दगावला तो सांगावयास येत नाही, आणि त्याचे नातेवाईक "आयुष्य तेवढेच होते" असे म्हणून ती नोंद देवाच्या खात्यावर टाकतात.

सर्पदंशाचे उदाहरण घ्यावे. आपल्या देशातील बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेल्या दहांपैकी बरेच जण मंत्राविनाही वाचलेच असते. ते सारे मांत्रिकाच्या जमेस लागतात. परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष भिनलेले असेल तर प्रतिसर्पविषावाचून दुसरा आधार नाही. मण्यार तर बहुधा रात्री, झोपेत चावते. खूण नीट दिसत नाही, वेदनाही फारशी होत नाही. माणूस ठीक दिसतो, मंत्र लागू पडला असे वाटते, आणि काही तासांनी श्वास थांबू लागतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील होती. मांत्रिकाच्या वहीत ही पाने नसतात.

दोन्ही बाजू लिहिल्यावर काय दिसते, याचा एक सुंदर दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती व संख्याशास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या. प्रत्येक ज्योतिषास त्यांतील ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी सुमारे ५० टक्के आले असते. हा निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर पत्रिका पाहणे थांबले काय? आमच्याही घरी थांबले नाही. मुलीच्या विवाहाच्या वेळी आम्ही स्वतः पत्रिका जुळवून आणली, हे या व्यासपीठावरून कबूल करणे आम्हांस योग्य वाटते. पुरावा ठाऊक नव्हता असे नाही. अघटित काही घडले तर चार माणसे काय म्हणतील, ही भीती पुराव्याहून मोठी ठरली. तेव्हा शिक्षण झाले की असले विश्वास आपोआप गळून पडतात, असे कोणी समजू नये.

आता तिसऱ्या कारणाकडे येतो. ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो, कारण ते आपल्या रुग्णालयाशी संबंधित आहे.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आठवा महिना सरत आलेली एक स्त्री अर्धवट शुद्धीत आपल्याकडे आणली गेली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तीन वेळा कावीळ उतरवून झाली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत 'ई' प्रकारची कावीळ प्राणघातक ठरू शकते. डॉक्टरांनी तातडीने तिला मोठ्या रुग्णालयात पाठविले. आई वाचली. मूल वाचले नाही.

पुढे बिलाच्या संदर्भात तिच्या सासूबाई आमच्या टेबलासमोर बसल्या असताना आमच्या तोंडून कठोर शब्द गेला, "आधी इकडे का आणले नाही?" त्या माउलीने पदराच्या गाठीतून एक चुरगळलेला कागद काढून पुढे ठेवला. तो आपल्याच रुग्णालयाचा केसपेपर होता. पहिल्याच आठवड्यात त्या येऊन गेल्या होत्या. रक्ततपासणीची चिठ्ठी दिली होती, 'परवा या' असे सांगितले होते. हा आजार गरोदर स्त्रीला किती घातक आहे, हे कोणीही त्यांना समजावून सांगितले नव्हते. त्या म्हणाल्या, "सायेब, त्यानं आमच्याजवळ बसून समदं आइकलं तरी. तुमच्या इथं चिठ्ठी भेटली."

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. खोटा उपचार करणाऱ्याने त्या कुटुंबास एक तास दिला होता आणि खरा उपचार ज्यांच्याकडे होता त्या आम्ही चार मिनिटे दिली होती. भयभीत माणसास औषधाआधी कोणीतरी ऐकून घेणारे हवे असते. आपल्या आजाराचे काहीतरी कारण आहे आणि कोणीतरी त्यावर काही करीत आहे, हा दिलासा हवा असतो. तो जेथे मिळतो तेथे श्रद्धा बसते. आपण तो देत नसू तर पुराव्यांचे ढीग रचूनही उपयोग नाही.

याची जाण आपल्या विदर्भातच काहींनी दाखविली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेचे काम उभे केले, तेव्हा आदिवासी बांधवांना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना बांधला, रोग्यासोबत नातेवाइकांना राहण्याची सोय केली आणि त्यास माँ दंतेश्वरीचे नाव दिले. श्रद्धेचा अपमान न करता विज्ञान दारात नेले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरणही असेच बोलके आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर एके काळी रुग्णालयांपाशीही प्रभावी उपाय नव्हता. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. यातून दोन बोध मिळतात. विज्ञानही आरंभी हतबल असते, परंतु ते आपली वही तपासते व दुरुस्त करते. आणि ज्या आळीत रोगी बरा होऊन चालत घरी परततो, त्या आळीस व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही.

कायदाही आपल्या बाजूस आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले, तो त्याच वर्षी झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर रोग्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यान्वये गुन्हा आहे. परंतु कायदा रोखणाऱ्यास शिक्षा करू शकतो. रोग्याचे पाय आपल्या दाराकडे वळविणे हे काम आपलेच आहे.

त्या प्रसंगानंतर आपल्याकडे काही साध्या गोष्टी सुरू झाल्या. कावीळ झालेली गरोदर स्त्री आली तर ती नोंदणीच्या रांगेत थांबत नाही. चिठ्ठी देणाऱ्याने ती वाचून दाखवावी आणि घरच्यांकडून पुन्हा वदवून घ्यावी, असा नियम केला आहे. दोरा किंवा माळ पाहून कोणीही हसू नये. ती उपचाराच्या आड येत नसेल तर काढावयास लावू नये. परिसरातील जाणत्या माणसांना, त्यांत झाडपाला देणारेही आले, आम्ही भेटतो आणि एवढेच मागतो की, "तुम्ही हवे ते करा, पण रोग्याला अडवू नका, आधी आमच्याकडे पाठवा." काही जण पाठवू लागले आहेत. सर्वच नाहीत.

संत गाडगेबाबा कीर्तनात लोकांना उपदेश करण्याआधी प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. आम्हांस वाटते, हीच रीत बरी. कोणी पिवळ्या पाण्याची महती सांगू लागला तर त्याला मूर्ख म्हणू नये. चुना राजूरला मुबलक आहे. त्याला शांतपणे विचारावे, "दादा, ज्याला कावीळ नाही त्याचे हात धुऊन पाहिलेत काय?" आम्हांस हा प्रश्न सुचण्यास निम्मे आयुष्य लागले.

विश्वस्त मंडळास आमची एकच विनंती आहे. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात बाह्यरुग्ण विभागासाठी एका समुपदेशक ताईंची जागा मंजूर करावी. त्यांचे काम रोग्याच्या घरच्यांजवळ बसून ऐकणे, एवढेच असेल. जमाखर्चाच्या दृष्टीने हा खर्च कोणत्याही जमेत दिसणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या चुरगळलेल्या केसपेपरची नोंद आपल्या वहीत नावे बाजूस कायम आहे, आणि ती फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.