नळीला विचारून गोळी

श्रोतेहो, एका कवीनं बंदुकीवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा ठरला आहे आणि तो गुन्हाच राहावा, असं मलाही वाटतं. पण माझा भाचा अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरीण पार नाहीसं झालं होतं. ते बाहेरून आणून पुन्हा वाढवलं, १९४३ पासून शिकारीचा हंगाम सुरू झाला, आणि आज कळपच्या कळप मक्या-सोयाबीनच्या शेतांत शिरतात. भाचा रीतसर परवाना काढून शिकारीला जातो. जावं की नाही, हा वाद इथे नको. जायचंच ठरलं तर गोळी कोणती, एवढंच बोलतो. हा प्रश्न नुसता बाजारहाटीचा नाही. चुकीच्या जागी गोळी लागलेलं हरीण झाडीत पळतं, रात्रभर तडफडतं, आणि पुष्कळदा सापडतही नाही.

मुलूख सपाट आणि वस्तीचा. रायफलची गोळी फार लांब जाते, म्हणून तिथे वर्षानुवर्षं हरणासाठी शॉटगनच चाले. २०१४ पासून सरळ पुंगळीचं काडतूस घेणाऱ्या रायफलींना मुभा मिळाली, तरी शॉटगन मागे पडलेली नाही. शॉटगन म्हणजे आपली बाराबोरची बंदूक. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरतात, म्हणून बारा बोर. पाखरांसाठी तिच्यात छर्रे, हरणासाठी एकच जड गोळी. तिला स्लग म्हणतात.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यासाठी कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये काढलेला स्लग आजही चालतो. मऊ शिसं, पुढून भरीव, मागून पोकळ. वजन पुढे असल्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा नाक पुढे करून जातो. पाऊणशे यार्डांपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवावा.

भाच्याच्या नळीला मात्र आतून आटे आहेत, स्क्रूला असतात तसे. गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी देणं हे त्यांचं काम. अशा नळीत मऊ शिशाचा स्लग उडतो, पण शिसं आट्यांत लिंपून बसतं आणि नेम बिघडत जातो. आट्यांच्या नळीसाठी साबो स्लग असतो. त्यात बारीक गोळीला प्लास्टिकचं वेष्टन असतं. वेष्टन आटे पकडतं, गोळीला फिरवतं आणि नळीबाहेर पडताच गळून जातं. साबो म्हणजे फ्रेंचमध्ये लाकडी जोडा. उंबरठ्यावर जोडे काढून गोळी पुढे जाते, असं मी म्हटलं तेव्हा भाचा हसला. हाच साबो गुळगुळीत नळीत घातला, तर फिरकी न मिळाल्यानं भरकटतो. महाग गोळी घेतली म्हणजे झालं, असं समजणारे इथेच फसतात.

साबोंतही जाती पुष्कळ. पेटीवर वेगाचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. मी विचारलं, "मग यातली चांगली कुठली?" तो म्हणाला, "मामू, ते नळीलाच विचारायचं." तीन-चार प्रकारच्या पेट्या आणायच्या, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवायची आणि पन्नास व शंभर यार्डांवर कागदावर प्रत्येकी तीन गोळ्या झाडायच्या. मधे नळी थंड होऊ द्यायची. एकाच कंपनीच्या दोन सारख्या बंदुकींनाही एकच गोळी मानवेल असं नाही. पुढच्या पायामागची, हृदय-फुप्फुसांची जागा छोट्या ताटलीएवढी. छिद्रं ज्या अंतरापर्यंत ताटलीच्या बरीच आत पडतात, तेवढीच आपली मर्यादा. मग पेटीवर काहीही छापलेलं असो.

लांबीही बघावी लागते. पावणेतीन इंची काडतुसाच्या बंदुकीत तीन इंची काडतूस कधीच घालू नये. ते जिवावर बेतू शकतं. शिवाय तीन इंची काडतुसाचा दणका खांद्याला एवढा बसतो, की माणूस पुढच्या वेळी घोडा दाबतानाच डोळे मिटतो. त्यापेक्षा हलकं काडतूस किंवा वीस बोर बरी.

उरला प्रश्न शिशाचा. २००८ साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्यानं गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मटण शिशाच्या कणांपायी टाकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. जड, सावकाश जाणारा स्लग रायफलच्या गोळीइतका फुटत नाही, हे खरं. पण भाच्याच्या घरी लहान मुलगी आहे, ती तेच मटण खाते. म्हणून तो तांब्याचा साबो घेतो. तांबं फुटत नाही, फुलासारखं उमलतं. मात्र उमलायला वेग लागतो. फार लांबून मारलं तर ते तसंच आरपार जातं आणि जनावर पळतं. म्हणून तो शंभर यार्डांपलीकडे घोड्याला बोट लावत नाही. जवळून मारण्याचा आणखी एक फायदा आहे. आमच्यात शिकार जिवंत हाती लागली तर तिला रीतसर जबह करावं लागतं, त्यामुळे तिच्यापाशी लवकर पोचलेलं बरं.

साबोच्या पेटीत पाचच काडतुसं असतात आणि ती स्वस्त नसतात. नळीनं पसंत केलेल्या काडतुसाच्या चार पेट्या भाचा ऑक्टोबरातच घेऊन ठेवतो. हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडतो, आणि त्या आठवड्यात दुकानात नेमकी तीच पेटी संपलेली असते.