जव्हारचा राजवाडा आणि तानसाकांठचीं ऊन पाण्याचीं कुंडें

सकाळीं एखादा जुना किल्ला पाहावा, सायंकाळीं ऊन पाण्याच्या कुंडांत अंग शेकावें आणि रात्रीं घरीं परतावें, अशा एका दिवसाच्या सहलीची जपानी लोकांना मोठी आवड आहे. तशीच जोडी मुंबई-ठाण्याच्या माणसाला घराजवळ लाभण्यासारखी आहे. जव्हारचा राजवाडा डोंगरमाथ्यावर आणि वज्रेश्वरीचीं कुंडें पायथ्याच्या सखल भागांत. मध्यें दोन-अडीच तासांचा मोटारीचा रस्ता. तरीही या सहलीला निघालेले पुष्कळ लोक थकून व हिरमुसून परततात. याचें कारण रस्त्याची लांबी नव्हे, हौसेची लांबी होय. एका दिवसांत सारेंच पाहूं म्हणणाऱ्याच्या पदरीं कांहींच नीट पडत नाहीं.

प्रथम भूगोल ध्यानीं घ्यावा. जव्हार व मोखाडा हे सह्याद्रीच्या पश्चिम अंगाचे दोन शेजारी तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, त्यांत ते गेले. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी हीं कुंडांचीं गांवें मात्र ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांत राहिलीं. मुंबईकरानें पहांटे पांचास निघून मनोर व विक्रमगडवरून जव्हार गांठावें, दुपारीं वाडा गांवामार्गें खालीं उतरावें आणि उन्हें कलतांना कुंडांशीं पोंचावें. नाशिककराची वाट त्र्यंबकेश्वराहून मोखाड्यावरून येते. त्यामुळें मोखाड्याचा डोंगराळ मुलूख त्याला वाटेवरच पाहावयास मिळतो. क्रम मात्र कोणींही उलटा करूं नये. ऊन पाण्यांत स्नान झाल्यावर पुन्हां घाट चढण्याचा उत्साह राहत नाहीं.

जव्हारचें राज्य महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचें. चौदाव्या शतकांत जयबा मुकणे यांनीं त्याचा पाया घातला आणि १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. एका आदिवासी घराण्यानें सहा शतकें राज्य सांभाळावें, ही गोष्ट इतिहासांत वारंवार आढळणारी नव्हे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळीं बांधलेला जयविलास राजवाडा गांवाबाहेर झाडींत उभा आहे. तो राजघराण्याचा वाडा असल्यामुळें आंत जाण्याची वेळ व परवानगी यांची आगाऊ चौकशी करावी; दारापर्यंत जाऊन परत फिरण्याची पाळी बहुधा या हयगयीनेंच येते. राजवाड्यानंतर शिरपामाळ पाहावा. १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजी महाराज येथें थांबले, राजा विक्रमशहानें त्यांचें स्वागत करून त्यांना मानाचा शिरपेंच अर्पण केला आणि त्यावरून माळाला हें नांव पडलें, असें सांगतात.

येथेंच मोह आवरावयाचा असतो. दाभोसा, काळमांडवी हे धबधबे जवळच आहेत, असें कोणी तरी सांगतें आणि गाडी तिकडे वळते. ते धबधबे सुंदर आहेत. परंतु ते वेगळ्या दिवसाचे मानकरी आहेत. घाईनें पाण्याशीं गेलेल्या माणसाला खडकाच्या शेवाळाचें व डोहाच्या खोलीचें भान राहत नाहीं. २०२० च्या जुलैंत काळमांडवीच्या डोहांत पांच तरुण बुडून मरण पावले. पावसाळा त्यांच्या सहलीसाठीं चांगला वाटला, तरी राजवाडा व कुंडें यांच्या सहलीला कार्तिक ते माघ हेच महिने सोईचे. वैशाखांत ऊन पाण्याची गोडी उरत नाहीं, आणि तानसा फुगली असतां कांठच्या कुंडांकडे फिरकूंही नये.

दुसरी गोष्ट शिदोरीची. या मुलखांत पाऊस मुसळधार पडतो, परंतु उतारावरून तो वाहून जातो. उन्हाळ्यांत पाड्यांवरील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठीं दूर चालावें लागतें. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां सारा महाराष्ट्र हादरला होता. म्हणून प्रवाशानें पिण्याचें पाणी घरून न्यावें आणि जेवण मात्र जव्हारांतच घ्यावें. नागलीची भाकरी, पालेभाजी आणि चटणी यांवर खर्चिलेले चार पैसे तेथेंच राहतात. मुंबईहून सारें बांधून नेणारा प्रवासी त्या गांवाला केवळ कचरा देऊन येतो.

दिवस कलतां वज्रेश्वरी येते. १७३९ सालीं वसई घेण्यापूर्वीं चिमाजी आप्पांनीं देवीला नवस केला होता. विजयानंतर तिचें हें देऊळ बांधण्यांत आलें. बावन्न पायऱ्या, नगारखाना व दगडी तट यांमुळें तें किल्ल्यासारखेंच दिसतें. किल्ला पाहण्याची हौस राजवाड्यानें न भागलेल्याची ती येथें भागते.

देवीनें मारलेल्या राक्षसांच्या रक्तानें हें पाणी तापलें, अशी लोककथा आहे. शास्त्र सांगतें कीं, पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तापतें आणि पुन्हां वर येतें. जपानांतील पुष्कळ झरे ज्वालामुखीच्या आंचेनें तापतात. येथें जागृत ज्वालामुखी नाहीं. कुंडें सारखीं ऊन नसतात, म्हणून आधीं हात बुडवून पाहावा, मग पाय आणि मगच अंग. हृदयविकार असलेल्यांनीं व वृद्धांनीं वैद्यांना विचारल्याविना उतरूं नये.

जपानी माणूस सामाईक कुंडांत शिरण्यापूर्वीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुतो. मळ वा साबण आंत नेत नाहीं. हा एक नियम तानसाकांठीं अवश्य आणावा. कुंड सर्वांचें असतें, आणि एकाचा मळ तेथें दुसऱ्याच्या अंगाला लागतो.

एवढें झालें कीं अंधार पडण्यापूर्वीं परतीला लागावें. एक राजवाडा, एक माळ, एक देऊळ व एक कुंड, एवढ्यानें दिवस भरतो. उरलेले धबधबे डोंगरांतच आहेत. ते पुढल्या खेपेची वाट पाहतील.