बापाचा मोबाईल आणि लेकरांचे हात

(सामुदायिक रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

मी धडगावहून बोलतेय. गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, व्याज, हप्ता हेच बोलतो. आज मात्र मी आपल्या घरातल्या बापांविषयी बोलणार आहे. त्यांच्या हातातल्या मोबाईलविषयी आणि त्यात त्यांना जे काय काय सापडतं त्याविषयी.

शेजारी दाजी बसले असतील तर उठून जाऊ देऊ नका. त्यांच्याच कामाचं आहे.

आपल्या भागातली गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको. खरीप संपला, दिवाळी झाली की पाड्यावरचे पुरुष गुजरातकडं निघतात. कोणी ऊसतोडीला, कोणी बांधकामावर. कुठं जोडीनं जातात, लेकरं आजीजवळ राहतात. कुठं बाई घरी राहते आणि बाप एकटा जातो. परत येणं होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या आधी. येताना बाप काय आणतो? थोडे पैसे, कपडे आणि एक मोठ्या स्क्रीनचा मोबाईल.

घरी आल्यावर दोन-अडीच वर्षांचं लेकरू बापाला बघून आईच्या लुगड्यामागं लपतं. बापाला वाईट वाटतं, पण तो बोलून दाखवत नाही. मग तो सोपा उपाय करतो. मोबाईल काढतो, नाचाचा व्हिडिओ लावतो, लेकरू जवळ येतं. बापाला वाटतं, लेकरू माझ्याजवळ आलं. लेकरू आलेलं असतं मोबाईलजवळ. आठ दिवसांनी मोबाईल दिला नाही तर तेच लेकरू जमिनीवर लोळण घेतं. मग आपण म्हणतो, या मोबाईलनं वाटोळं केलं.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. आमचा गटाचा हिशोब, बँकेचा निरोप, तालुक्याच्या मीटिंगचा सांगावा, सगळं त्यावरच येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बापाला मोबाईलमध्ये जे सापडतं ते स्क्रीनमधून बाहेर काढून लेकरांच्या हातात आलं पाहिजे. तसं झालं तर तोच मोबाईल बाप आणि लेकरू यांना जोडतो.

पुरुषांना शोधायची हौस असते. मोटारसायकल कशी खोलायची, पंप कसा दुरुस्त करायचा, कुठल्या देशात कसलं यंत्र निघालं, हे ते रात्री उशिरापर्यंत बघत बसतात. आपण ओरडतो, झोपा आता. ओरडण्याआधी एकदा विचारून बघा, “काय बघताय? ते घरी करता येईल का? पोरांना दाखवा ना.” हा प्रश्न फुकट आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, असं काय आहे मोबाईलमध्ये जे पाड्यावर करता येईल? तीन गोष्टी सांगते. नीट ऐका, तिन्ही मिळून वीस रुपयांच्या पुढं जाणार नाहीत.

पहिली गोष्ट सांगण्याआधी एका माणसाबद्दल सांगते. त्यांचं नाव अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनीअर झाले आणि पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीला लागले. 1978 मध्ये त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथं खेड्यातल्या शाळांमध्ये मुलांना हातानं करून विज्ञान शिकवायचं काम चालू होतं. महागडं सामान नव्हतं. मग आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंमधून, टाकून दिलेल्या वस्तूंमधून त्यांनी खेळणी बनवायला सुरुवात केली. पुढं पुण्याच्या आयुका या संस्थेत, मुलांच्या विज्ञान केंद्रात, त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांची शेकडो खेळणी इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, मराठीतूनसुद्धा. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोबाईलमध्ये बोलून शोधा, “अरविंद गुप्ता खेळणी मराठी”. टाईप करता आलं नाही तरी चालतं, माईकचं चिन्ह दाबून बोलायचं.

त्यांचं एक जुनं खेळणं म्हणजे काड्यांचं घर. आठवडी बाजारात सायकल दुरुस्तीवाल्याकडं व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळते. तिचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे. काडेपेटीतल्या लाकडी काड्या घ्यायच्या आणि गूळ, म्हणजे काडीचं पेटणारं टोक, आधी मोठ्या माणसानं तोडून टाकायचं. दोन काड्यांची टोकं एका नळीत दोन बाजूंनी घातली की सांधा तयार. चार काड्या जोडून चौकोन करा आणि बोटानं दाबा. चौकोन कलंडतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा. कितीही दाबा, त्रिकोणाचा आकार बदलत नाही. चौकोनात एक तिरकी काडी बांधली, म्हणजे त्याचे दोन त्रिकोण केले, की तोही पक्का होतो. तीन काड्यांचा सांधा करायचा असेल तर नळीला बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी आत घालायची.

आता लेकरांना म्हणा, वर बघा. आपल्या घराच्या छपराला कशी लाकडं लावलीत? धडगावच्या बाजारातला पत्र्याचा शेड बघा, विजेचा मोठा टॉवर बघा, मोबाईलचा टॉवर बघा. सगळीकडं तिरक्या पट्ट्या, सगळीकडं त्रिकोण. जो बाप बांधकामावर सेंट्रिंगच्या बल्ल्यांना तिरका टेका देतो त्याला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. पण लेकराला माहीत नाही की आपल्या बापाला हे माहीत आहे. शाळेतला गणिताचा त्रिकोण आणि बापाच्या मजुरीतला त्रिकोण एकच आहे, हे त्या दिवशी लेकराला कळतं. बापाची किंमत लेकराच्या डोळ्यात वाढते ती अशी.

दुसरी गोष्ट, नळीची पिपाणी. थंडाच्या बाटलीबरोबर जी स्ट्रॉ मिळते ती घ्या. कागदाची असली तरी चालते, फक्त ओली होऊन लवकर मऊ पडते. एक टोक दातांनी दाबून चपटं करायचं. कात्रीनं त्या टोकाचे दोन्ही कोपरे तिरके कापून टोकदार करायचं. ते टोक ओठांच्या आत धरून जोरात फुंकायचं. पहिल्यांदा नुसती हवा जाईल. आणखी चपटं करा, परत फुंका, मग भोंग्यासारखा आवाज येतो. आता वाजवता वाजवता बापानं दुसऱ्या टोकानं नळी थोडी थोडी कापत जायचं. नळी आखूड होईल तसा आवाज बारीक, चढा होत जातो. का? नळीतली हवा थरथरते म्हणून आवाज येतो. हवेचा खांब लांब असला तर थरथर सावकाश आणि आवाज जाड, आखूड असला तर थरथर जलद आणि आवाज बारीक.

होळीला आपल्याकडं पावा, बासरी वाजवणारे असतात. त्यांच्याकडं लेकराला घेऊन जा. बासरीची भोकं बोटांनी झाकली की आवाज जाड का होतो, हे लेकरू आता स्वतः सांगेल. भोकं झाकली म्हणजे हवेचा खांब लांब झाला.

तिसरी गोष्ट आकाशाची. यात आपण शहरापेक्षा श्रीमंत आहोत. पुण्या-मुंबईत दिव्यांच्या उजेडात तारे दिसत नाहीत. आपल्या पाड्यांवर रात्री आकाश भरलेलं असतं. स्काय मॅप नावाचं एक फुकटचं ॲप आहे. एकदा मोबाईलमध्ये घेतलं की नंतर त्याला नेट लागत नाही. मोबाईल आकाशाकडं धरायचा, ज्या दिशेला धरू तिथल्या ताऱ्यांची नावं दिसतात. ज्या मोबाईलमध्ये होकायंत्राची सोय नाही त्यात दिशा आपोआप कळत नाही, तेवढं बघून घ्या.

होळीच्या दिवसांत जेवणं झाल्यावर ईशान्येकडं बघा. सप्तर्षी वर आलेले असतात. कितीतरी गावांत त्याला बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय आणि मागचे तीन म्हणजे चोर. चोरांच्या विरुद्ध बाजूला जे दोन पाय आहेत त्यांच्यातून उत्तरेकडं सरळ रेघ ओढायची, त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट. तिथं ध्रुव तारा सापडतो. धडगावहून ध्रुव क्षितिजापासून साधारण 22 अंश वर दिसतो. अंश कसे मोजायचे? हात ताठ पुढं करून वीत पसरा. ती वीत साधारण 20 अंश भरते. उत्तरेला डोंगर आडवा नसेल तर क्षितिजापासून एक वीत वर ध्रुव. इथं आजीलाही बोलवा. ॲपमध्ये इंग्रजी नाव येईल, बाजेची आणि चोरांची गोष्ट आजीकडून येईल. लेकराला दोन्ही पाहिजे.

आणखी एक गंमत. संध्याकाळी अंधार पडल्यावर किंवा पहाटे कधी कधी एक मोठा तारा न लुकलुकता आकाशातून सरळ चालत जातो. विमानासारखे लाल दिवे नसतात, आवाज नसतो. ते अंतराळ स्थानक असू शकतं. जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटर वर, दीड तासात पृथ्वीला एक फेरा घालतं. आत माणसं राहतात. खाली आपल्याकडं अंधार झालेला असतो, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं. ते ऊन त्याच्यावर पडतं म्हणून ते चमकतं. कुठल्या दिवशी, किती वाजता दिसेल, हे इंटरनेटवर आधी कळतं. बापानं बाजारातून येताना वेळ बघून यायची आणि घरी सांगायचं, “आज सात वाजून दहा मिनिटांनी अंगणात या.” आणि ते खरंच दिसलं की लेकरं बापाकडं कशी बघतात ते बघा.

तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या पाड्यावर रेंजच नाही, डोंगरावर चढावं लागतं. बरोबर आहे. म्हणून ऑफलाइनचं तंत्र शिकून घ्या. बाजाराच्या दिवशी धडगावात रेंज मिळते. तिथं व्हिडिओ लहान क्वालिटीत डाउनलोड करून घ्यायचा, डेटा कमी जातो. घरी एकदा बघायचा, मोबाईल बाजूला ठेवायचा आणि वस्तू बनवायची. बघणं पाच मिनिटं, करणं एक तास. हा हिशोब उलटा झाला की समजायचं, गाडी परत रीलकडं वळली.

आमच्या ओळखीच्या एका गटातल्या ताईचा नवरा उसाच्या फडावर असतो. त्याचं काय जमलं ऐका. रविवारी फोन आला की मुलगी आठवड्यात काय बनवलं ते बापाला दाखवते. एकदा काड्यांचं घर दाखवलं. बाप म्हणाला, “त्याला आडवी काडी लाव, पडेल ते.” मुलीनं लावली. दोनशे किलोमीटर दूर बसून बापानं लेकीचं घर पक्कं केलं. पूर्वी त्यांचा फोन “जेवली का, हो, ठेवू का” एवढ्यावर संपायचा. होळीला तो आला तेव्हा मुलगी लपली नाही. काडेपेटी घेऊनच समोर आली.

मी मुलगी म्हणाले, ते लक्षात ठेवा. बऱ्याच घरांत मोबाईल आणि पाना-पेचकस मुलाच्या हातात जातो आणि मुलगी पाणी आणायला जाते. मोटारसायकल खोलली की मुलाला हाक, भाकरी टाकायची की मुलीला. बापानं काही बनवायला घेतलं तर दोघांना बसवा. पाणी आधी दोघं मिळून आणतील.

एक सावधगिरी. शोधायच्या हौसेत कधी कधी बाप भलतीकडं जातो. पैसे लावून खेळायचे गेम, झटपट कर्ज देणारे ॲप. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारनं बंदीचा कायदा केला आहे. तरी कोणी लिंक पाठवली तर उघडायची नाही. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. खात्यातून पैसे गेलेच तर लाज न धरता ताबडतोब 1930 या नंबरवर फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. ऊसतोडीची कमाई किती घामाची असते ते आपल्याला माहीत आहे.

आणि रिचार्जचा खर्च घरखर्चाच्या वहीत लिहा. महिन्याला किती जातो, त्यातून घराला काय मिळालं, हे नवरा-बायकोनं एकत्र बसून बघावं. भांडण म्हणून नाही, हिशोब म्हणून. आपल्याला गटात ही सवय आहेच.

आता पुढच्या बैठकीचं काम. प्रत्येकीनं घरात एक संध्याकाळ ठरवायची. बाप घरी असेल तर बापानं, बाहेरगावी असेल तर फोनवर बापाला विचारून आईनं, लेकरांसोबत या तीनपैकी एक वस्तू करायची. ज्या घरात बाप नाही तिथं मामा, काका, आजोबा कोणीही चालेल, आणि तुम्ही स्वतः केलं तर सगळ्यात चांगलं. बनवलेली वस्तू बैठकीला घेऊन यायची. बचतीची रक्कम लिहून झाली की मधे मांडायची, आणि ती कशी बनवली ते लेकरानंच सांगायचं. व्हॉल्व्हची नळी एकीनं आणली तरी सगळ्या गटाला पुरेल.

सचिव ताईंनी पुढच्या बाजाराच्या यादीत नळी आणि काडेपेट्या लिहून ठेवा. जोहार.