शाळा सुटते, पण एसटी कधी येते?

कळमनुरीच्या शाळांत आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली एसटीनं येतात. अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांना १२वीपर्यंत पास फुकट आहे. पण पास असला म्हणून गाडी थांबत नाही! जादा तास लांबला, गाडी हुकली, की पोर अंधारात फाट्यावर उभी. असं चारदा झालं की घरचे म्हणतात, "बस झाली शाळा." नववीत कितीक पोरींची शाळा अशीच सुटते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया सांगितल्यात. नववी-दहावीला पालक-शिक्षक संघ असतो. तिथं नुसती सही करून येऊ नका. सोयाबीन काढणीत किंवा हळद शिजवायच्या दिवसांत दुपारची बैठक जमत नसेल, तर वेळ बदलून मागा. मजुरी बुडवून कोण येणार?

बैठकीत विचारा, शेवटचा तास कधी सुटतो आणि गाडी कधी निघते? मेळ नसेल तर ठराव लिहून घ्या. त्यात गावं आणि मुलींची संख्या टाका, मुख्याध्यापकांच्या सहीनं एसटीच्या आगारप्रमुखांकडे द्या, पोच घ्या. शनिवारी शाळा सकाळची असते. तोवर जादा तास त्या दिवशी घ्या, म्हणावं.