कॅसेटीतला आवाज

जळगावजवळच्या आसोदे गावच्या बहिणाबाई चौधरी तुम्हां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचीत आणि मुलगा सोपानदेव व घरची मंडळी ती जमेल तशी कागदावर उतरवून घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी त्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. कोणी लिहून घेतले नसते तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

पण कागदावर शब्द उतरतात. आवाज उतरत नाही. बोलीचा हेल, ओवीच्या शेवटी सोडलेला सुस्कारा, मध्येच आलेले हसू, हे कागद कुठून धरणार? ते धरण्याचे साधन पुढच्या पिढीच्या हाती आले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली आणि वीसएक वर्षांत ती आपल्या खेड्यांतही पोचली. सुरतेला कामाला गेलेला कोणी भाऊ, कोणी मामा टेपरेकॉर्डर घेऊन गावी येई. मग आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, लग्नातली हळद, वहीगायन, असे काय काय त्यावर भरले जाई. त्या कॅसेटी आज कुठे आहेत? बहुतेक पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे. त्यांतला आवाज घरच्या संगणकात कसा उतरवावा आणि उतरवताना काय काय बिघडते, ते आज सांगणार आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, चुका करून शिकलो. म्हणून चुकांसकट सांगतो.

माझे आजोळ धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. माझ्या मामांनी १९८८ साली, आखाजीच्या सुमारास, आजी पहाटे दळत असताना तिच्या ओव्या टेप केल्या होत्या. आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मामांच्या पेटीत ती कॅसेट सापडली. वर फक्त ‘माय’ एवढेच लिहिलेले. ती घेऊन मी जळगावला आलो आणि त्याच रात्री खटपटीला लागलो.

पहिली गोष्ट, घाई करायची नाही. कॅसेटीतली फीत चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसते. साठ मिनिटांच्या कॅसेटीत ती सुमारे ८६ मीटर भरते. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि आवाज त्या लेपात चुंबकीय खुणांच्या रूपाने असतो. आपल्याकडचा मे महिना तुम्हांला ठाऊक आहे. पत्र्याच्या पेटीत इतके उन्हाळे काढलेली फीत एकमेकीला चिकटते, प्लास्टिकचे घर वाकडे होते. पावसाळ्यात ओल लागली असेल तर पांढरी बुरशी धरते. अशी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात मुळीच घालू नका. ती बुरशी यंत्राला लागेल आणि तिथून पुढच्या कॅसेटीला. कॅसेट खिडकीतून पाहा. मधल्या तोंडाशी नमद्याचा एक बारीक तुकडा असतो, तो फितीला यंत्राच्या हेडवर दाबून धरतो. पुष्कळदा तोच गळून पडलेला असतो आणि माणूस म्हणतो, आवाज गेला. आवाज गेलेला नसतो, नमदा गेलेला असतो. आणि कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन चौकोनी कान मोडून टाका. म्हणजे चुकून लाल बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जाणार नाही.

दुसरी गोष्ट यंत्राची. टेपरेकॉर्डर दहा-पंधरा वर्षे पडून असेल तर त्यातला रबरी पट्टा ताठ किंवा सैल झालेला असतो. मग आवाज झोके घेतो. माणूस पाण्यात बुडून बोलतो आहे असे वाटते. हेडवर तपकिरी मळ साचलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसावा आणि फीत ओढणारी रबरी चाकीही पुसावी. हे सारे झाल्यावरही आपली मोलाची कॅसेट आधी घालायची नाही. मी सिनेमाच्या गाण्यांची एक टाकाऊ कॅसेट आधी लावून पाहिली. पाच मिनिटांत यंत्राने तिची फीत चाकीभोवती गुंडाळून चुरगळून टाकली. तिथे आजीची कॅसेट असती तर आज हे भाषण करण्याचे कारण उरले नसते. चाकी बदलून घेतली, टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी नीट वाजली, तेव्हा कुठे आजीच्या कॅसेटीला हात लावला. तीही वाजवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घेतली. त्याने चिकटलेले वेढे सुटतात.

आता तिसरी गोष्ट, वायरीची. इथे मी पहिली मोठी चूक केली. टेपरेकॉर्डरमधून निघालेली वायर मी संगणकाच्या माइकच्या भोकात खोचली. आवाज आला, पण कसा? पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. कारण साधे आहे. माइककडून येणारा विद्युत्‌प्रवाह फार क्षीण असतो, म्हणून माइकचे भोक त्याला पुष्कळ मोठा करून घेते. टेपरेकॉर्डरचा प्रवाह मुळातच त्याच्या शंभरेक पट जोरकस. कालव्याचे पाणी रोपांच्या वाफ्यात सोडले तर रोपे वाहून जायचीच! मोठ्या संगणकाच्या मागे निळ्या रंगाचे वेगळे भोक असते, त्याला लाइन-इन म्हणतात. वायर तिथे घालावी. मांडीवरच्या संगणकाला, म्हणजे लॅपटॉपला, हल्ली बहुधा एकच भोक असते आणि ते माइक जोडलेल्या हेडफोनसाठी केलेले असते. साधी वायर त्यात घातली की पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही आणि आपण टेपरेकॉर्डरला दोष देत बसतो. त्यावर उपाय म्हणजे यूएसबीला लावायची लाइन-इन असलेली लहानशी डबी. ती घेतल्यावर माझे निम्मे प्रश्न मिटले.

वायर नीट लागली, तरी सतत एक घूं असा घोगरा आवाज येत होता. यासाठी मी दोन वायरी बदलल्या. शेवटी वीज गेली आणि घूं थांबला! टेपरेकॉर्डर सेलवर आणि लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालू होता. म्हणजे दोष वायरीचा नव्हता. दोन यंत्रे वेगवेगळ्या वाटांनी घरच्या अर्थिंगला जोडलेली असली की त्या वेढ्यातून थोडी वीज फिरत राहते आणि तीच कानाला ऐकू येते. तेव्हा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि मोबाइल दूर ठेवा. भारनियमनाने माझे एवढे एक काम केले खरे.

संगणकात आवाज भरून घेण्यासाठी ऑडॅसिटी नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. त्यात आवाज कुठल्या वाटेने घ्यायचा ते निवडावे लागते. ते निवडले नाही तर लॅपटॉप आपल्या पोटातल्या माइकने घेतो, आणि ओवीबरोबर घरातल्या पंख्याचा व शेजारच्या कुकरच्या शिट्टीचाही आवाज भरला जातो. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी असते. ती सर्वांत मोठ्या आवाजालाही टोकाला भिडता कामा नये. उणे सहाच्या आसपास राहिली म्हणजे ठीक. जुन्या टेपवर आवाज थोडा वर गेला तरी टेप सांभाळून घेई. संगणक सांभाळून घेत नाही, आवाजाची शेंडी सपाट कापून टाकतो, आणि ती पुन्हा जोडता येत नाही. फाइल वेव्ह प्रकारची ठेवावी. मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटीला सहाशेच्या वर. हल्लीच्या मानाने ही जागा काहीच नाही. आणि लॅपटॉपला झोपू देऊ नका. माझी पहिली बाजू बाविसाव्या मिनिटाला तुटली, कारण संगणकाने स्वतःहून डोळे मिटले होते.

आवाज बसका, गोधडीतून आल्यासारखा वाटला तर हेड किंचित तिरके झालेले असते. त्याच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो. तो केसभर फिरवून ‘स’ आणि ‘च’ स्पष्ट ऐकू येतील तिथे थांबायचे. हे मात्र जाणत्या कारागिराकडून करवून घेतलेले बरे.

इथवर सारे दोष यंत्राचे झाले. आता माझा सांगतो.

आवाज संगणकात आला. त्यात कॅसेटीची जन्मजात खरखर होती आणि जात्याची घरघर होती. त्या प्रोग्रॅममध्ये खरखर काढण्याची सोय आहे. नको असलेल्या आवाजाचा नमुना दाखवायचा, मग तो तसला आवाज सगळीकडून काढून टाकतो. मी आजी गात नाही अशा जागेचा नमुना दाखविला आणि तीनदा ती क्रिया केली. घरघर गेली. आजी एकटी, स्वच्छ, रिकाम्या खोलीत गाते आहे असे वाटू लागले. मला मोठा अभिमान वाटला. मी ती प्रत पेनड्राइव्हवर घालून आजोळी गेलो.

घरातली माणसे जमली. शेजारच्या एक मावशी आल्या होत्या, वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “भाऊ, जातं कोठे गयं?” मी हसून सांगितले, “काढून टाकलं, मावशी. खरखर होती ना.” त्या काही बोलल्या नाहीत. पण मलाच ते लागले. आजी ओवी म्हणत होती ती जात्याच्या फेऱ्यावर. फेरा काढून घेतला तर ओवीला ठेका कुठला? ती घरघर हा गोंगाट नव्हता, ती साथ होती.

सुदैवाने मूळ प्रत मी पुसली नव्हती; ती लॅपटॉपमध्ये होती. ती लावली. खरखरीसकट, घरघरीसकट. दोन-तीन ओव्या झाल्या आणि त्या मावशी एकदम पुढे सरकल्या. आजीची ओळ संपत आली की मागून, लांबून, कोणीतरी दुसरी बाई ती ओळ उचलून धरीत होती. मी इतके दिवस ती कॅसेट ऐकत होतो, पण तो आवाज माझ्या ध्यानातच आला नव्हता. उंबऱ्याशी सूप घेऊन पाखडत बसलेली कोणी असावी. मावशींनी पदर तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, “भाऊ, हाई ते मनी माय शे!”

त्यांच्या आईचा एकही फोटो घरात नाही. चौतीस-पस्तीस वर्षांनी त्यांनी आईचा आवाज ऐकला. आणि मी स्वच्छ केलेल्या प्रतीत तो आवाज नव्हता. तो इतका मंद होता की संगणकाने त्याला खरखर समजून काढून टाकले होते. काय ठेवावे आणि काय काढावे, हे संगणकाला कळत नाही. आणि त्या रात्री मलाही कळले नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, माझे सांगणे एवढेच की दोष असेल तो यंत्रात आणि वायरीत दुरुस्त करावा, आवाजात दुरुस्ती करू नये. कॅसेटीवर जे आहे ते जसेच्या तसे आधी उतरवून ठेवावे. स्वच्छ करायचे तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर करावे. एक प्रत संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवावी. एकट्या पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. आणि काम झाले म्हणून कॅसेट फेकून देऊ नये.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत. १९२६ साली धुळ्यातच त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. कागद जपायला आपण त्यांच्याकडून शिकलो. आवाज जपायला अजून शिकलेलो नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांना विचारा, कोणाच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत? कोण गाते आहे, गाव कोणते, साल कोणते, प्रसंग कोणता, मागे कोणाचा आवाज आहे, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवून मुलांनी लिहून घ्यावे. ते कागदावर लिहून कॅसेटीच्या डबीत ठेवावे आणि फाइलच्या नावातही घालावे. घरच्यांना विचारल्याशिवाय ते आवाज मोबाइलवर गावभर पाठवू नयेत.

फीत आणखी काही वर्षे कदाचित टिकेलही. पण ‘ही माझी आई’ असे सांगणारे माणूस किती दिवस असेल, ते कोणी सांगावे? आमच्या कॅसेटीवर मी आता ‘माय’ या शब्दाखाली दोन नावे लिहिली आहेत. दुसरे नाव त्या मावशींनी सांगितले, म्हणून लिहिता आले.