टपालाने आलेला माल आणि बुडालेला कर

अमेरिकेत परराज्यातून टपालाने माल मागविला की त्यावर कर नसतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तो खरा नव्हे. कर होताच; 'वापर कर' या नावाने तो ग्राहकाने स्वतः भरावयाचा होता, आणि फारसे कोणी तो भरीत नसे. १९६७ साली बेलास हेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की ज्या विक्रेत्याचा राज्याशी संबंध केवळ टपाल व मालवाहतुकीपुरता आहे, त्याच्यावर करवसुलीची सक्ती राज्याला करता येणार नाही. १९९२ च्या क्विल निकालाने तेच कायम राखले. म्हणजे नाक्यावरच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून कर वसूल करावयाचा, आणि सूचिपत्रे धाडून देशभर व्यापार करणारी पेढी मोकळी!

२०१८ साली साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम रद्द झाला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु साउथ डकोटात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही, किराण्यावर मात्र विक्रीकर आहे. मजुराच्या कमाईचा मोठा हिस्सा खरेदीतच संपतो. त्यामुळे हा कर त्यालाच अधिक जाचतो. श्रीमंतांच्या मिळकतीवर कर बसवावा की नाही, हा प्रश्न त्या न्यायमूर्तींपुढे नव्हताच. तो विधिमंडळातच लढवावा लागेल.