अनोळखी रानफूल : आधी नाव, मग विळा

(इंदुरी, ता. मावळ येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



इंद्रायणी भात निसवला की खाचरातली भेसळीची लोंबी तुम्ही बांधावरूनच दाखवता. हीच नजर थोडी डोंगराकडे वळवावी, अशी माझी विनंती आहे.

गुरांमागे भंडारा डोंगराच्या उतारावर किंवा पार वर आंदर मावळातल्या सड्यावर गेलात की एखादे कधी न पाहिलेले फूल दिसते. आपण त्याकडे दुर्लक्ष करतो, नाहीतर सुंदर दिसते म्हणून मुळासकट उपटून परसात आणतो. दोन्हींत नुकसान होऊ शकते.

गाजरगवताचेच पाहा. सन 1955 मध्ये पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर बारीक पांढऱ्या फुलांचे एक अनोळखी रोप वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना दिसले. पार्थेनियम म्हणून त्याची नोंद त्यांनी 1956 साली प्रसिद्ध केली. नाव कळले, पण विळा कोणी उचलला नाही. एकेक झाड हजारो बिया टाकते. पुढे ते देशभर पसरले, अंगाला खाज आणि पुरळ देऊ लागले आणि त्याला खाणारे भुंगे मेक्सिकोहून 1983 साली आणावे लागले. लोकांनी त्याला ‘काँग्रेस’ नाव दिले, ते मात्र झटकन रुळले!

आता तसाच सावध होण्याचा प्रसंग पिवळ्या फुलाचा आहे. पावसाळ्याच्या शेवटी लोणावळ्याकडचे माथे सोनकीने पिवळे होतात. सोनकी आपली, सह्याद्रीची. पण पुण्याच्या आसपास रस्त्यांच्या कडेला आणि टेकड्यांवर दिसणारे नारिंगी-पिवळे फूल बहुधा कॉसमॉस असते. हे मूळचे मेक्सिकोकडचे, बागेतून सुटलेले. लांबून दोन्ही सारखी वाटतात, म्हणून फुलावर जाऊ नका, पाने पाहा. सोनकीची पाने अखंड, कडेला दातेरी आणि एकाआड एक असतात. कॉसमॉसची पाने समोरासमोर आणि बारीक चिरलेली असतात. तो पुरुषभरही वाढतो. बी हातात घ्या. सोनकीच्या बीला पांढरी म्हातारी असते, ती वाऱ्यावर उडते. कॉसमॉसचे बी काळे, सुईसारखे लांब, टोकाला दोन काटे. ते धोतराला आणि गुरांच्या अंगाला चिकटून पुढच्या गावाला जाते. बांधावर दिसला तर बी धरण्यापूर्वीच उपटा. सोनकीला हात लावू नका.

याच्या उलट गोष्ट कंदीलपुष्पाची. छोट्या कंदिलासारखे फूल, नाजूक वेल किंवा रोप, जमिनीत कंद. याच्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कोठेच नाहीत. कंद खाण्यासाठी खणला की रोप संपले. आणि अनोळखी कंद खाणे जिवावरही बेतते. ज्वाळेसारख्या फुलांच्या कळलावीचा कंद जहाल विषारी आहे.

मग ओळख पटवायची कशी? मोबाईलवर फोटो काढा : एक फुलाचा जवळून, एक पानांचा, एक पूर्ण झाडाचा. मोबाईल लगेच नावही सुचवतो, पण तो अंदाज समजा. त्यावर विसंबून काही तोंडात घालू नका. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला, रानभाज्या खुडणाऱ्या बायांना आधी विचारा, त्यांचे नाव लिहून घ्या. तशी रोपे पुष्कळ असतील तरच फुला-पानांसह एक फांदी तोडा. कंद जमिनीतच राहू द्या. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वर पाटा ठेवा. पावसाळ्यात कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तो त्याच दिवशी लिहावा.

असा नमुना पुण्यातील कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात दाखवता येईल. सोबतच्या चिठ्ठीत नुसते ‘इंदुरीजवळ’ लिहून भागत नाही. तारीख, कोणता उतार, कातळ की काळी माती, पाणी साचते का आणि भोवती आणखी कोणती झाडे होती, हे सगळे लिहा. तेच फूल पुढच्या वर्षी पुन्हा शोधायला जाणारा माणूस या चिठ्ठीवरच तेथे पोहोचणार आहे.